आत्याची चौकशी करणाऱ्या ताई

डॉ. वत्सलाताईंच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख द्याल का, असे संपादकांनी विचारले आणि मी लगेच होकार दिला. नाही म्हटले असते तर लोकांना कारण कळले असते. कारण एकच आहे, मी ताईंवर जळतो. अकोल्यात शल्यचिकित्सक म्हणून माझे नाव काही वाईट नाही, पण छातीत गाठ लागली की बायका माझ्या दवाखान्यावरून ऑटो पुढे नेतात आणि बडनेऱ्याची गाडी पकडून अमरावतीला ताईंकडे जातात.

ताईंची पहिली भेट वरूडच्या एका तपासणी शिबिरात झाली. आमची टेबले शेजारी-शेजारी होती. मी नुकताच शिक्षण संपवून आलेलो, शर्टाची इस्त्रीही मोडली नव्हती. ताईंपुढची बायकांची रांग मंडपाबाहेर संत्र्यांच्या ट्रकपर्यंत गेली. माझ्याकडे एक आजोबा आले, तेही डोळ्यांचे डॉक्टर कुठे बसतात हे विचारायला. दुपारी ताईंनी आपल्या डब्यातली भाकर आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला. "खा भाऊ, लाजू नका. पुढच्या खेपेले बाया तुमच्याकडेही येतीन," त्या म्हणाल्या. त्यांच्या या मायेचाही मला राग आला होता. भाकर मात्र मी संपवली.

बहुतेक बायकांचा स्तनाचा कर्करोग वारशाने आलेला नसतो, हे ताई सगळ्यांत आधी सांगतात. पण काही घरांत पेशींमधली तूटफूट दुरुस्त करणाऱ्या जनुकातच खोट असते. ती आईकडून येते तशीच बापाकडूनही येते. आपल्याकडे बाई आईचे सांगते, मावशीचे सांगते. बापाच्या बाजूचे कोणी काढत नाही. म्हणून ताईंचा प्रश्न ठरलेला असतो, "तुह्या आत्याले काय झालतं?"

एकदा मी त्यांच्याकडे बसलो असताना नांदगाव खंडेश्वरची एक सून रडतच आली. सासूला हा रोग झाला होता, आता आपला नंबर, असे तिने धरून ठेवले होते.

"तू काहून भिऊन राहिली?" ताई म्हणाल्या. "सासूचं रगत तुह्या अंगात कुठून येईन? आधी सासूचं तपासू. त्यात खोट निघाली, त तुह्या नवऱ्याचं."

"त्याईचं? मानसाच्या जातीले काय करायचं ते?"

"त्याच्यातून तुह्या पोरीत येऊ शकते, बाई."

एवढे समजावून मग त्यांनी बाहेर बसलेल्या सासूला आत बोलावले आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून सांगितले. तिच्यावर दोष येऊ दिला नाही. मी तेच सांगितले असते तर त्या घरात भांडण लागले असते, हे मला ठाऊक आहे.

पुढे हाच प्रश्न माझ्या घरात आला. माझी धाकटी बहीण शोभा हिला चाळिशीतच गाठ निघाली. भाऊ सर्जन असताना ती ताईंकडे गेली. "दादा, तुह्यापुढं मले लाज वाटते," एवढेच तिचे कारण. तिच्या रक्तात खोट सापडली. मग ताईंनी मला बोलावले आणि माझेही रक्त घेतले. खोट माझ्यातही होती. माझी मुलगी अनघा सत्तावीस वर्षांची. तिच्यात ती असण्याची शक्यता निम्मी. तिला कसे सांगावे, याची वाक्ये मी मनात जुळवत आणि खोडत राहिलो. अखेर तोंड उघडले तर ती म्हणाली, "मले माहीत आहे, बाबा. आत्यानं सांगितलं. मी ताईंकडे रक्त देऊन आली." दहावीचा निकालही मला आधी सांगणारी माझी पोर! तिच्या काळजीइतकीच मला ताईंची असूयाही वाटली, हे या मंगल ग्रंथात लिहून ठेवतो.

निकालाच्या दिवशी अनघा दारातच म्हणाली, "बाबा, तुमी बाहेर बसा." मी बाकावर बसलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "घरची मंडळी अंदर आहे का?" मी म्हटले, "पोरगी." ते सरकून बसले. आतून रडणे ऐकू आले. बऱ्याच वेळाने हसणेही ऐकू आले, आणि त्या हसण्याने मी जास्त जळलो.

अनघा बाहेर आली. "आहे, बाबा," ती म्हणाली. "पन ताई म्हणे, खोट म्हंजे रोग नाही. दरसाल तपासाले यायचं, अन् मधात मस्त जगायचं." मग तिने माझा हात धरला. "अन् तुमच्यासाठी निरोप आहे. बाबाले सांग म्हणे, हे त्याईनं दिलं नाही, त्याईच्यातून आलं."

मी तिथेच, त्या गृहस्थांसमोर, रडलो. इतकी वर्षे रोग्यांना धीर देतो आहे, पण स्वतःसाठी हे वाक्य मला सुचले नव्हते. तेही ताईंनीच द्यावे!

ताई, पंचाहत्तरी झाली, आता विश्रांती घ्या, असे या ग्रंथात बरेच जण लिहितील. त्यांचे ऐकू नका. अनघाला दरसाल यायचे आहे आणि ती दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही. बापाकडे तर नाहीच. तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी ओलांडा. बाहेरच्या बाकावर बसून जळायला मी दरवर्षी येईन.