संचालक वहिनींचा पगार

कंपनी काढायला काय काय लागतं हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी काढलीच नसती, असं मी चारचौघांत म्हणते. ते खरं नाही. मला सांगितलं होतं. दिल्लीत कालकाजीला पहिल्या मजल्यावर बसणाऱ्या आमच्या सीएंनी, सत्तरीच्या एका पंजाबी गृहस्थांनी, सगळं एका कागदावर लिहून दिलं होतं. दोन संचालकांच्या डिजिटल सह्या, नावाचा अर्ज, मुद्रांक, कार्यालयाचा पत्ता, घरमालकाचं ना-हरकत पत्र, दारावर पाटी, दरवर्षी ऑडिट, दरवर्षी विवरणपत्रं, आणि उशीर झाला तर दिवसागणिक दंड. "मॅडम, बच्चा पैदा करना आसान है, पालना मुश्किल," ते म्हणाले. मी कागदाची घडी पर्समध्ये टाकली आणि पुढचे सहा महिने उघडली नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, फक्त ते नंतर कळतं.

काम तसं साधं होतं. डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी मराठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. महाराष्ट्रातून दिल्लीला स्पर्धा परीक्षांसाठी येणाऱ्यांत अशीही मुलं असतात. हिंदी-इंग्रजी पुस्तकं त्यांना फोन वाचून दाखवतो. मराठी वाचायला लागला की तोच फोन असं काही बोलतो की राज्यघटनेची कीव यावी. मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहणारा लातूरकडचा एक विद्यार्थी ओळखीतून माझ्याकडे आला, तेव्हा मला हे कळलं. मी नुकतीच गुडगावची नोकरी सोडली होती आणि घरात बसून सगळ्यांच्या चुका काढत होते. म्हटलं, मी वाचते. दोन दिवसांत माझा घसा बसला, आणि तो नम्रपणे म्हणाला, "ताई, तुम्ही वाचता तेव्हा मला ओरडा बसल्यासारखा वाटतो."

त्या संक्रांतीला आम्ही दिल्लीची मराठी मंडळी बस करून पानिपतला गेलो होतो. तो विद्यार्थीही बरोबर होता. काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी, पोचल्यावर त्याने विचारलं, "समोर काय लिहिलंय?" मी चष्मा शोधेपर्यंत मागून एका बाईने वाचायला सुरुवात केली. पाटी हिंदीत होती आणि बाई मराठीत वाचत होत्या, न अडखळता, जिथे थांबायचं तिथे थांबत. वाचून झाल्यावर तो त्या आवाजाकडे तोंड करून तसाच उभा राहिला. मी मात्र लगेच पुढे झाले. मी त्यांचा फोन नंबर मागितला.

त्या वहिनी म्हणजे फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदाराच्या पत्नी. माहेर सासर दोन्ही साताऱ्याकडचं, शिक्षण बारावी, आणि वीस वर्षं निरनिराळ्या छावण्यांतल्या क्वार्टर्समध्ये संसार. आता हवालदारसाहेब फरीदाबादला एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक होते, आणि मुलीच्या कॉलेजसाठी ते तिथेच राहिले होते. पेन्शन गावाकडच्या घराच्या हप्त्यात जायची. "क्वार्टर्समध्ये शेजारणींची पत्रं मीच वाचून दाखवायचे," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या सासूची पत्रं सुद्धा. ती जरा गोड करून."

सुरुवातीला माझ्या घरीच रेकॉर्डिंग चालायचं. तासाचे पैसे ठरवले होते आणि ते मी माझ्या खिशातून द्यायचे. मग आणखी मुलं आली, पुस्तकं वाढली, आणि देणगी मागायला गेलं की पहिला प्रश्न यायचा: नोंदणी आहे का? म्हणून कंपनी. नफा कोणालाही वाटायचा नाही, सगळं कामातच घालायचं, अशा प्रकारची.

मुनिरक्याच्या एका गल्लीत खोली घेतली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या आणि रजया बांधल्या. पंख्याची घरघर रेकॉर्ड व्हायची, म्हणून पंखा बंद. मे महिन्यात रजयांच्या खोलीत पंखा बंद करून घटनादुरुस्त्या वाचणं काय असतं ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. भाजीवाल्याच्या भोंग्यातलं "आलू, प्याज, टमाटर" दोनदा राष्ट्रपतींच्या अधिकारांत घुसलं. शेवटी दुपारी दोन ते चार गल्लीत यायचं नाही या बोलीवर आम्ही त्याच्याकडून रोज भाजी घ्यायला लागलो. हा खर्च कुठल्या सदरात टाकायचा हे सीएंनाही सांगता आलं नाही.

तर दुसरा संचालक. माझा नवरा म्हणाला, "माझं नाव घाल, दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, अजिबात नाही. बायका घसा फोडून वाचणार आणि पाटीवर नवऱ्याचं नाव? मी वहिनींना संचालक करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे माझ्या मनाशी. मग त्यांना सांगितलं, तेही वाढदिवसाची भेट द्यावी तसं.

डिजिटल सहीसाठी फोनसमोर ओळखपत्र धरून आपलं पूर्ण नाव सांगावं लागतं. वहिनी त्यासाठी ठेवणीतली रेशमी साडी नेसून सीएंच्या कार्यालयात आल्या. फोनमध्ये गळ्यापर्यंतच दिसतं, हे कळल्यावर स्वतःशीच हसल्या. मग त्यांनी सावकाश, वाचावं तसं आपलं नाव सांगितलं. "आजवर सगळ्या कागदांवर मी ह्यांची बायको होते," बाहेर आल्यावर म्हणाल्या. मी तिथेच रडले. मी अशा प्रसंगी रडते, आणि त्यामुळे आपण फार चांगलं केलं असं मला वाटतं. हवालदारसाहेबांनी कारखान्याच्या गेटवर पेढे वाटले.

नोंदणीचं प्रमाणपत्र हातात ठेवताना सीए म्हणाले, "एक बात ध्यान रखना. अब इनको सैलरी मत देना." मला समजेना. त्यांनी समजावलं. या प्रकारच्या कंपनीत जे सभासद आणि संचालक असतात त्यांनी स्वतःसाठी काही घ्यायचं नाही, असा या कामाचा पायाच. मार्ग काढता येतात, पण त्यावर प्रश्न येतात, आणि देणगीदार सगळ्यात आधी तेच बघतात. पदरचा प्रवासखर्च तेवढा परत घेता येतो.

म्हणजे जिला मी मालकीण केलं, तिची मजुरी मीच बंद केली होती. मी वहिनींना म्हटलं, "थोडे दिवस थांबू या. काहीतरी करते मी."

"हो ताई, बिल्कुल," त्या म्हणाल्या.

त्यानंतर पाच महिने मी काहीही केलं नाही. अर्ज होते, खोलीच्या भाडेकराराचं नूतनीकरण होतं, पाटीवरचं रंगकाम चुकलं होतं ते पुन्हा करायचं होतं. आज ही कारणं लिहिताना माझाच मला राग येतो. वाचनासाठी दिल्ली छावणीतल्या दोन जवानांच्या बायका आल्या होत्या. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळायचे, आणि त्यांच्या पावत्यांवर संचालक म्हणून वहिनी सही करायच्या. वहिनींना स्वतःला मिळायचं फरीदाबादहून कालकाजी मंदिर आणि तिथे गाडी बदलून मुनिरका, एवढं मेट्रोचं भाडं. एकदा सही करताना त्या हसत म्हणाल्या, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा." मीही हसले. मला ती थट्टा वाटली.

मग एका सकाळी त्या विद्यार्थ्याचा फोन आला. "ताई, वहिनी बऱ्या आहेत ना? मागच्या तीन प्रकरणांत त्यांना वाक्य संपेपर्यंत श्वास पुरत नाहीये. जिने चढून लगेच वाचायला बसल्यासारखं वाटतं."

मी त्यांना रोज बघत होते आणि मला काही दिसलं नव्हतं. तशीच उठले आणि फरीदाबादला गेले. हवालदारसाहेबांनी दार उघडलं. अंगावर रक्षकाचाच गणवेश, डोळे लाल. वहिनी कामावर गेल्यात, म्हणाले.

"कुठल्या कामावर? आमच्याकडे तर अकराला येतात."

"सेक्टरात दोन घरी पोळ्या करतात सकाळी. तिथून घरी येऊन मग मुनिरका. तुम्हाला माहीत नाही?" त्यांना खरंच नवल वाटलं. तेही पाच महिने डबल ड्यूटी करत होते. त्या एका पगाराचा खड्डा दोघं मिळून असा भरत होते, आणि हे ते तक्रार म्हणून सांगतही नव्हते. "मी म्हटलं तिला, ताईंना विचार. ती म्हणाली, वरून आलेल्या हुकमाला 'का' म्हणून विचारायचं नसतं. वीस वर्षं फौजेत काढलीत तिनं पण."

"अहो, हुकूम कसला? मी सन्मान दिला होता," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

ते चहाचं आधण ठेवत होते. पाठमोरेच म्हणाले, "फौजेत पदक देतात, ताई. पण पदक दिलं म्हणून पगार बंद करत नाहीत."

मी वहिनींची वाट बघत दारात जाऊन उभी राहिले. 

वहिनी आल्या तेव्हा त्यांच्या कोपराला पीठ लागलेलं होतं. मला बघून थबकल्या. आणि माझं कसं आहे, लाज वाटली की मी चिडते. मी त्यांच्यावरच घसरले. "पाच महिने! एका शब्दाने सांगता येत नव्हतं?"

त्यांनी मोरीत हात धुतले, पुसले. "तुम्ही विचारलंत कुठे?" अगदी सरळ म्हणाल्या, राग नव्हता त्यात. "संचालक करतानाही विचारलं नाहीत. एवढ्या खूश होतात तुम्ही, रडलात सुद्धा. मला ते मोडवेना."

माझ्या आनंदाचं भाडं ही बाई सकाळच्या पोळ्या लाटून भरत होती. मी खाली बसले आणि जे पाच महिन्यांपूर्वी विचारायचं ते विचारलं. संचालक राहायचं असेल तर मी सीएंशी भांडून वेगळी परवानगी काढते, वेळ लागेल. नाहीतर पद आणि सभासदत्व सोडून पगारावर काम. "तुम्हाला काय हवंय?"

"पगार," त्या म्हणाल्या. एक क्षणही लावला नाही. चहाचा अर्धा कप झाल्यावर पुढे म्हणाल्या, "थोडं वाईट वाटेल. पाटी बघितली की बरं वाटायचं. पण पगार."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी कालकाजीला गेलो. राजीनाम्याचा फॉर्म, नव्या संचालकाची डिजिटल सही, पुन्हा सगळी फी. मी मुकाट्याने भरली. नवा संचालक म्हणजे माझा नवरा. "शेवटी गाडी घरीच आली ना," एवढंच तो म्हणाला, आणि मी ते ऐकून घेतलं.

सीए राजीनाम्याचं पत्र टाइप करत होते. "कारण में क्या लिखूँ? सब व्यक्तिगत कारण लिखते हैं."

"व्यक्तिगत नहीं है," वहिनी म्हणाल्या. "लिखिए, मुझे तनख्वाह चाहिए."

"अरे, ऐसा कोई नहीं लिखता, बेटा."

"पर सच तो यही है."

सीएंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिखिए." त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि लिहिलं, की या कंपनीत वेतन घेऊन काम करायचं आहे, म्हणून मी हे पद सोडत आहे. वहिनींनी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, पूर्णविरामाला थांबून, आणि सही केली. मग म्हणाल्या, "आता माझं नेमणुकीचं पत्र. तासाचा दर माझ्यासमोर लिहा."

तो लिहून झाल्यावर मी हळूच म्हटलं, "वहिनी, त्या पाच महिन्यांचे पैसे मी देते. माझ्या खिशातून."

"नको."

"अहो, तुमचेच आहेत ते."

"तुमच्या खिशातून आले की ते उपकार होतात, ताई. उद्या मला तुमच्याशी तासाच्या दरावर भांडता येणार नाही." त्यांनी दराचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. "ती माझी देणगी समजा. मुलांसाठी दिली. पण पावती द्या."

सीएंनी मान हलवली. वाचनाची अशी पावती होत नाही, पैसे आले तरच पावती. नियम समजावून सांगायला ते पुढे झुकले होते, मी त्यांना हातानेच थांबवलं. पर्समधून कोरा कागद काढला आणि मराठीत लिहिलं, की यांनी पाच महिने आमच्या मुलांसाठी वाचलं, त्याचा मोबदला घेतला नाही, तो आम्हाला देणगी म्हणून मिळाला. पुढे काय लिहावं कळेना, म्हणून लिहिलं, आम्ही तो मागितला नव्हता. खाली सही केली. कागद वहिनींपुढे ठेवला.

वहिनींनी तो कागद मोठ्याने वाचला नाही. मनातल्या मनात दोनदा वाचला, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवला.

"उद्या दहाला येते," त्या म्हणाल्या. "सकाळची कामं सोडलीत मी."