सुपातली वांगी आणि पोत्यावरच्या आत्याबाई

आमच्या घरात मशीन लर्निंग मी सुरू केलं आणि वांग्यांनी संपवलं.

मुळात माझं बूड कुठं टेकत नाही. लग्न होऊन तेलंगणातल्या, नार्नूरजवळच्या या गावात आले त्याला वीस वर्षं झाली. तेवढ्यात शिवणकाम, मधमाश्या, अळिंबी आणि तेलुगू टायपिंग एवढं सगळं शिकून झालं. (शिकून म्हणजे सुरू करून. मधमाश्या तर तिसऱ्याच दिवशी शेजारच्या वाडीत नांदायला गेल्या!) मग एके दिवशी मोबाईलवर एक व्हिडिओ लागला. त्यातला माणूस म्हणाला, आता तुम्ही नुसते फोटो दाखवा, मशीन आपोआप शिकतं. मी ताडकन उठून बसले. शिकायचं दुसऱ्यानं आणि नाव आपलं! अशीच तर विद्या मी इतकी वर्षं शोधत होते.

"अळिंबीचं काय झालं वं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"ते जुनं झालं."

"तिचे ट्रे अजून न्हाणीत पडून हायेत."

मी लक्ष दिलं नाही. महिनाभर व्हिडिओ पाहिले. अर्धे तेलुगूत, अर्धे हिंदीत, आणि दोन्हींतलं मुख्य ते कुणालाच कळू नये अशा बेतानं सांगितलेलं. स्वयंपाक करताना पाहिले, म्हशीचं दूध काढताना पाहिले. म्हशीनं एकदा लाथ मारली, तिला बहुतेक गणित आवडत नसावं.

आता आत्याबाई. म्हणजे माझ्या सासूबाई. आमची वांग्याची वाडी आहे, आणि वांगी निवडणं हे आत्याबाईंचं खातं. वांगं हातात घ्यायचं, देठाखाली अंगठा दाबायचा, की चांगलं सुपात आणि किडकं पोत्यावर. सूप ओसरीत, पोतं गोठ्याकडे, कारण किडकं वांगं उंबरठ्याच्या आत आणायचं नाही असा त्यांचा कडक नियम. तीस वर्षांत त्यांच्या टोपल्यातून एक अळी कुणाच्या घरी गेलेली नाही. लोकांना पोरांच्या मार्कांचा अभिमान असतो, आत्याबाईंना याचा.

आणि नेमकं त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावलं, वाकायचं नाही, धुळीत बसायचं नाही. त्याच आठवड्यात उटनूरचे कापडवाले दामूअण्णा दारात हजर.

"माय, पोरीचं लगन हाय. दोन क्विंटल वांगे पाह्यजे. पाव्हणे बेल्लमपल्लीचे, खाण्याचे लय चोखंदळ. म्हून तुमच्याच हातचे पाह्यजे!"

आमच्याकडे लग्न म्हणजे वांग्याची भाजी. नवरदेव उशिरा आला तर चालतो, भाजीत अळी निघालेली चालत नाही. आत्याबाईंनी चष्म्याआडून डोळे पुसले (तेही करायला मनाई होती). "नाई म्हण त्याले," त्या मला हळूच म्हणाल्या. "माह्या टोपल्यातून अळी गेली असं मरेपर्यंत कोनी म्हनू नये, बस."

मला एकदम भरून आलं. आणि मला भरून आलं की मी काहीतरी सुरू करते.

"अण्णा, वांगी मिळतील," मी ठणकावून सांगितलं. "मशीन निवडेल!"

लागले कामाला. सातशे फोटो काढले. आत्याबाईंनी आधी निवडून ठेवलेल्या चांगल्या वांग्यांचे, ओसरीत, सुपात. किडक्यांचे गोठ्याकडे, पोत्यावर. (नियम म्हणजे नियम!) ते मोबाईलमध्ये भरले. निकाल मोठ्यानं ऐकू यावा म्हणून माझाच आवाज घातला, "चांगलं!" आणि "किडकं!" मग परीक्षा घेतली. शंभर फोटो दाखवले, एक चुकला नाही! मी अंगणात फुगडी घातली, एकटीनं.

"एकबी चुकलं नाई?" आत्याबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "माह्यानंबी चूक होते कधीमधी. मंग टोपलं भरतानी पकडतो मी. हे काई बरोबर वाटत नाई बाई."

मला वाटलं, जळतात!

लग्नाच्या आदल्या सकाळी तोडणी झाली. गल्लीतली सुपं गोळा केली, मोबाईल तिपाईला बांधला, आणि सुपामागून सूप पुढे सरकवू लागले. "चांगलं! चांगलं! चांगलं!" मशीन नुसतं सुटलं होतं. तासाभरात दोन क्विंटलचे क्रेट भरले. पोतं मोकळं, म्हणून ते बाजेवर टाकून आत्याबाईंना त्यावर बसवलं. दामूअण्णा टेम्पो घेऊन आले, तेही खूश.

आमचे हे मात्र क्रेटकडे टक लावून उभे. "एकबी किडकं नाई? आपल्या वावरात?"

"तुमचा माझ्यावर कधी विश्वासच नाही!"

"तुह्यावर हाय. वांग्यावर नाई."

असं म्हणून या माणसानं पायातली चप्पल काढली आणि सुपात ठेवली.

"चांगलं!" माझा आवाज म्हणाला.

दामूअण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आमच्या ह्यांनी चप्पल काढून सुपात मांजर बसवलं. "चांगलं!"

"गरम झालं असेल!" मी ओरडले, आणि तिपाई उचलून गर्रकन वळले. मोबाईलचं तोंड थेट बाजेकडे. पोत्यावर काळा चष्मा लावून आत्याबाई.

"किडकं!"

अंगणात कोंबडीसुद्धा थांबली. मला बंद करायचं बटण सापडेना. "किडकं! किडकं!" माझ्याच आवाजात, आणि तोही इतका खणखणीत!

"काऊन वं," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "लय दिवसाचं मनात व्हतं का?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीननं वांग्याकडे कधी पाहिलंच नव्हतं! सूप दिसलं की चांगलं, पोतं दिसलं की किडकं, एवढंच ते शिकलं होतं. परीक्षेचे शंभर फोटोही तसलेच, मग चुकणार कशाला? सुपातले हसतात, जात्यातले रडतात म्हणतात. आमच्याकडे सुपातले पास आणि पोत्यावरचे नापास.

"महिनाभर तू त्याले सूप ओळखाले शिकवून राह्यली व्हती?" आमचे हे म्हणाले. मी रडायच्या बेतात होते. दामूअण्णा तर सुरूच झाले होते, "वैनी, पाव्हण्यात माही इज्जत जाईन! पोरीले जन्मभर टोमणे!"

"गप बसा सारे," आत्याबाई म्हणाल्या. "क्रेट उलटे करा. बह्याडे, तू इकडं ये."

मग त्या बाजेवर ताठ बसल्या, न वाकता, आणि मी त्यांच्या पायाशी. माझा अंगठा त्यांनी आपल्या हातात धरून वांग्याच्या देठाखाली दाबला. "इथं दाब. मऊ लागलं का? मंग फिरवून भोक पाह्य. आता दुसरं." दोन क्विंटल! आमचे हे निवडत होते, दामूअण्णा धोतर खोचून निवडत होते, संशय येईल ते वांगं आत्याबाईंच्या हातात जात होतं. उन्हं कलेपर्यंत चाललं. तीन टोपली किडकं निघालं. बैलांची दिवाळी झाली, माझा अंगठा मात्र वांग्याच्याच रंगाचा झाला.

"गेली नसंन ना एखांदी?" टेम्पो निघताना आत्याबाईंनी मला विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"एकही नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पंगत बसली, माझ्या शेजारी आत्याबाई, समोर बेल्लमपल्लीचे पाहुणे. वाढपी भाजी वाढत गेला, पाहुणे बोटं चाटू लागले, "वांगे कोनाचे हो?" अशी विचारणा झाली, आणि दामूअण्णांनी भर मांडवात हात करून आत्याबाई दाखवल्या. सगळी पंगत त्यांच्याकडे बघायला लागली. त्या चष्म्याआड इतक्या लाजल्या, मी त्यांना तशा कधी पाहिल्या नव्हत्या.

मी माझ्या पत्रावळीवरचं वांगं मोडलं. आत अळी. गुलाबी, गुबगुबीत, रश्शात न्हालेली.

अख्ख्या दोन क्विंटलांत एक, आणि ती माझ्या पानात!

"कशी झाली वं भाजी?" आत्याबाई माझ्याकडे वळल्या.

मी घास घेतला. अख्खा. चावला नाही.

"एक नंबर," मी म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट हाय का?"

"हो, थोडी."

आता तीस वर्षांचा तो विक्रम एकतीस वर्षांचा झाला. मशीन माझ्याकडून काही शिकलं नाही, पण आत्याबाईंच्या टोपल्यातून गेलेली एकुलती एक अळी कुठं आहे हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि मी ते पोटात ठेवलंय.