सोनपेठच्या वाटेवर ऑइलचा काटा

माझ्या सासऱ्यांचा गाडीच्या ऑइलच्या काट्यावर जेवढा विश्वास होता, तेवढा घरातल्या कुठल्याच माणसावर नव्हता. गाडी जुनी होती, परभणीच्या एका डॉक्टरांनी वापरून दिलेली. तिचा पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असायचा आणि वेगाचा काटा उभ्या गाडीतही थरथरायचा. इंजिनातल्या ऑइलचा दाब दाखवणारा काटा मात्र जागेवर असे. डॉक्टरांनी किल्ली देताना सांगितलं होतं, "बाकी कशाकडे बघू नका. हा काटा पडला की गाडी तिथंच थांबवा, नाहीतर इंजिन जाईल." सासऱ्यांनी ते वाक्य आयुष्यभरासाठी धरून ठेवलं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता तो काटा पडायला लागला. मधेच शून्यावर जायचा, परत वर उडायचा. तो पडला की सासरे गाडी कडेला घेत, बॉनेट उघडत, ऑइलची पट्टी काढून धोतराच्या सोग्याला पुसत, परत बुडवून बघत. ऑइल भरपूर असे. मग थोडा वेळ थांबून पुढं. आमच्या वालूरहून सेलूला जाईपर्यंत हे इतक्या वेळा व्हायचं, की सायकलवाले आम्हाला मागं टाकून जायचे आणि जाताना विचारायचे, "काय मालक, ढकलू का?"

एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण दिवाळीनंतर धाकट्या नणंदेचं लग्न होतं. लग्न मुलाकडं, सोनपेठला. ती लहान असताना सासऱ्यांनी तिला कबूल केलं होतं की तुला सासरी मीच माझ्या गाडीतून नेणार. तेव्हा गाडी नव्हती, नुसता शब्द होता. गाडी त्या शब्दामागून आली. आता सेलूचे मिस्त्रीचाचा म्हणत होते की काटा असा पडतो म्हणजे आतली बेअरिंगं झिजली असणार, इंजिन खोलावं लागेल, लग्नाआधी होईल याचा भरवसा नाही. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, एसटी कधी बंद राहील सांगता यायचं नाही. माझ्या नवऱ्यानं भाड्याची जीप सांगून टाकली.

नणंद माझ्याकडं आली. मी तांदूळ निवडत होते.

"वैनी, जीपमधी तुमी बसा सगळे. मी आप्पासंगं बैलगाडीनं येते."

"मुहूर्त चुकेल."

"चुकू द्या. मला काई घाई न्हाई."

हसत बोलली, पण बांगड्या भरायला चल म्हटलं तर उठली नाही.

माझ्या माहेरी पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनावर चालणारी. माझे वडील इंजिन बिघडलं की आधी पाना उचलत नसत. आधी विचारपूस करत. मीही तीच पद्धत धरली. किराण्याच्या यादीचा मागचा कोरा कागद घेतला आणि पहिला प्रश्न लिहिला: कधीपासून?

नवरा म्हणाला, "गाडी घेतली तेव्हापासून."

सासरे म्हणाले, "पावसानं रस्ता उखडला, तवापासून."

सासूबाई डाळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोळ्यापासून."

पोळ्याचा आणि ऑइलचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण लिहून ठेवलं.

दुसरा प्रश्न: कसा पडतो? त्यासाठी मी सासऱ्यांच्या शेजारी बसून सेलूपर्यंत गेले. रस्त्याकडं त्यांनी बघायचं, काट्याकडं मी, असं ठरलं. ते त्यांना फार जड गेलं. पण त्यामुळं एक गोष्ट लक्षात आली. खरोखरच दाब कमी होत असेल तर काटा इंजिन तापल्यावर, गाडी हळू चालताना हळूहळू उतरतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की चढतो. हा काटा टोळासारखा उड्या मारत होता, आणि त्याही खड्ड्यात चाक गेल्यावर. तो शून्यावर पडला तरी इंजिनाचा आवाज तसाच एकसुरी. ऑइल पोचेनासं झालं की इंजिन कुरकुरतं, हे मी गिरणीत लहानपणीच ऐकलं होतं.

मिस्त्रीचाचांना हे सगळं सांगितलं. त्यांना पटलं असं नाही, पण माणूस मोकळा होता.

"भाबी बोलती तो देख लेते," म्हणत दुसऱ्या दिवशी ते नळीचा, विजेशिवाय चालणारा मीटर घेऊन वालूरला आले. गाडी दारात उभी होती. इंजिनावर ऑइलचा दाब मोजणारं एक बटण असतं. त्यातून वायर काट्याकडं जाते. चाचांनी ते बटण काढून तिथं आपली नळी बसवली आणि गाडी चालू केली. त्यांचा काटा वर चढला आणि तिथंच बसून राहिला.

"इंजन तो पैलवान हाय, मालक," ते म्हणाले. "खोलने का काम नहीं."

सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी पहिल्यांदा पाय लांब केले.

म्हणजे गाडीचा काटा खोटं बोलत होता. का, ते शोधायचं राहिलं. चाचांनी वायर गाडीच्या बॉडीला टेकवली. काटा पूर्ण वर गेला आणि स्थिर राहिला. म्हणजे काटा चांगला, वायरही चांगली. तीच वायर इंजिनाच्या एका उघड्या नटाला टेकवली, तर काटा परत उड्या मारायला लागला. बॉडीला लावली की शहाणा, इंजिनाला लावली की वेडा. तेवढ्यात गाडी बंद पडली. सासऱ्यांनी उठून सेल्फ मारला. तो धापा टाकत फिरला. मी चोक ओढायला हात घातला आणि मागं घेतला. चोकची मूठ चांगलीच तापली होती.

मूठ तापल्याचं सांगितल्यावर चाचा हसायला लागले आणि गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं, म्हणून विजेला बॉडीतून इंजिनात जायला तांब्याची विणलेली पट्टी लावतात. ती वाट बंद असली की वीज चोकच्या तारेसारखी आडवाट धरते. पट्टी होती, नटही होता. पण चाचांनी नट सोडवून खालून पट्टी दाखवली, तर तिच्या बुडाला लालभडक ऑइलपेंटचा पापुद्रा.

मग आम्ही सगळ्यांनी बॉनेटमध्ये परत नीट पाहिलं. अख्खं इंजिन लाल होतं, कडांना रुपेरी. आम्ही ते रोज बघत होतो आणि आम्हाला त्याची सवय झाली होती.

"मालक, इसको रंग कौन दिया?" खालून आवाज आला.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "पोळ्याचा हाय त्यो. बैलाच्या शिंगाचा उरल्ता."

"दावणीच्या समद्यांनला लावला," सासरे म्हणाले. "म्हनलं, हीबी वर्षभर राबायलीय."

"पुरणपोळीबी ठिवली व्हती बंपरवर," सासूबाई म्हणाल्या. "मीच ठिवली."

काम सासऱ्यांनी मन लावून केलं होतं. ब्रशच्या आड येते म्हणून पट्टी सोडवली, खालची जागा सुद्धा रंगवली आणि ओल्या रंगावरच पट्टी परत आवळली. चाचांनी कानशीनं ती जागा खरवडून चकचकीत केली, पट्टी घासली, नट आवळला. गाडी एका झटक्यात चालू झाली. काटा चढला आणि राहिला. सासरे बराच वेळ खिडकीतून वाकून बघत होते. नणंद बांगड्या भरायला गेली.

निघायच्या दिवसाचं वेळापत्रक मी केलं. काटा सुधारला तरी सासऱ्यांची सवय सुधारणार नाही, म्हणून थांबण्यासाठी भरपूर वेळ धरला. जीप वऱ्हाडाला दिली. गाडीत पुढं नवरी, मागं मी आणि फराळाचे डबे.

पाथरीच्या पुढं कापसाच्या शेतांमधून जाताना नणंद म्हणाली, "आप्पा, समोर बघा. बैलगाडी हाय."

"बघायलोय की."

"काट्याकडं बघायलाव तुमी."

"त्यो पडंना."

तो पडलाच नाही. आम्ही कुठंही न थांबता सोनपेठच्या वेशीपाशी पोचलो, आणि तिथं कुणीच नव्हतं. मुलाकडचे वाजंत्री घेऊन येईपर्यंत नवरीनं वेशीच्या आत जायचं नसतं. सासऱ्यांनी गाडी लिंबाखाली घेतली, पण इंजिन बंद केलं नाही.

"उभ्या गाडीत कसा ऱ्हातो बघू," ते म्हणाले.

मी लाडूचा डबा पुढं दिला आणि पाय मोकळे करायला उतरले. परत आले तेव्हा बापलेक काट्याकडं बघत लाडू खात होते. ती त्यांना काहीतरी सांगत होती, ते मान हलवत होते. मी आणखी एक फेरी मारून आले.

शेवटी वाजंत्री आली. व्याही पुढं होते, घाईनं फेटा सारखा करत.

"लय लवकर आलात पाव्हणं. आमच्या कानावर होतं, तुमची गाडी थांबत थांबत येती."

"येत होती," सासरे म्हणाले. त्यांनी खाली उतरून, लेकीकडं एकदा बघून, बॉनेट उघडलं. "का थांबत होती, ते या बघायला."

नवरी गाडीत तोंडावर पदर धरून हसत होती. सनईवाला वाजवणं थांबवून लाल इंजिनावर वाकला.