दिवाळीला दुखणारी दाढ

माझी डावीकडची खालची दाढ बरीच वर्षं दुखत होती आणि त्या सगळ्या वर्षांत ती एकदाही दुखली नाही.

हे नीट कळायचं तर आधी दाढेतली चांदी सांगावी लागेल. लग्नाच्या आदल्या वर्षी शेंगदाण्याची चिक्की खाताना (चोरून, म्हणूनच घाईत) मी त्या दाढेला हे एवढं भगदाड पाडून घेतलं. माझं माहेर धाड गावचं. बाबा मला एसटीनं बुलढाण्याला काझी डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मला खुर्चीत आडवं केलं, यंत्र सुरू केलं आणि मी ‘आ’ केला. तर बाजूला उभ्या असलेल्या बाबांनीही ‘आ’ केला! बाहेर ठेवल्या तर चोरीला जातील म्हणून माझ्या चपला हातात धरलेल्या, डोळे माझ्या तोंडात, आणि स्वतःचं तोंड सताड उघडं!

शेवटी डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. “भाऊ, तुम्ही मिटा ना. मी पोरीचीच दाढ भरून राह्यलो.”

बाबांनी तोंड मिटलं. यंत्र सुरू झालं तसं पुन्हा उघडलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, “चांदी एकदम पक्की बसली. पन कधीमधी दाखवून जात जा.” धाडच्या माणसानं असल्या वाक्याकडे लक्ष द्यायचं नसतं. मीही दिलं नाही. ते वाक्य माझ्या किती कामाला येणार आहे, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

सासर मिळालं वरवट बकालचं. जिल्हा एकच, पण हे एक टोक आणि ते दुसरं. शेगाव, खामगाव, बोथ्याचा घाट, बुलढाणा असं एसट्या बदलत, हाडं मोजत जावं तेव्हा धाड येतं. त्यात आमच्याकडे लेकीनं आपल्या मनानं उठून माहेरी जायचं नसतं. तिला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. तो येणार दिवाळीला आणि अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तोवर सुनेनं वाटेकडे डोळे लावून बसायचं.

आमच्या आईच्या वेळी हे जमायचं, कारण तेव्हाचा कापूस समजूतदार होता. थोडा दिवाळीआधी फुटायचा, थोडा नंतर, थोडा संक्रांतीला. मधल्या सवडीत सुना माहेरी जाऊन यायच्या. माझ्या लग्नाच्या सुमाराला गावोगाव बीटी कापूस आला. हा गडी फुटायचा तो सगळा एकदम, आणि नेमका दिवाळीच्या तोंडावर! वेचायला बाया मिळत नाहीत, वर आभाळ भरून आलेलं, सासऱ्यांचा जीव टांगणीला. अशा वेळी घरची सून माहेरी धाडणारा सासरा मी तरी अजून पाहिलेला नाही.

पहिल्या दिवाळीला माझा दादा मुराळी म्हणून आला. नवा शर्ट, हातात फराळाची पिशवी.

“या पाव्हणे, बरे आले!” सासरे म्हणाले. मला वाटलं, सुटले. तर त्यांनी दादाच्या कमरेला वेचणीची ओटी बांधली आणि थेट कापसाच्या तासात उभा केला! मला न्यायला आलेल्या माझ्या सख्ख्या भावानं माझ्या शेजारच्या ओळीत दोन दिवस कापूस वेचला, आमच्याच चिवड्याचा डबा घेतला आणि एकटा परत गेला. जाताना म्हणाला, “आई इचारीन ना, काय सांगू?”

“सांग, मजेत आहे,” मी म्हटलं. आणि घरात येऊन कणगीमागं बसून पोटभर रडले. मला आईच्या चुलीपुढे काही काम न करता नुसतं बसायचं होतं. बाबांनी ‘आली का व माय’ म्हणावं, एवढंच हवं होतं. एवढ्यासाठी माणूस किती झुरू शकतं, हे ज्याचं माहेर दूर आहे त्यालाच ठाऊक.

पुढच्या दिवाळीला कापूस फुटला आणि मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं.

“काय झालं व सूनबाई? गाल काऊन धरून बसली?” सासूबाईंनी विचारलं.

“दाढ दुखून राह्यली, आत्याबाई. चांदी भरली ना, ती.”

आत्याबाईंनी लवंग दिली. लवंगेनं राहिली नाही. कापूर दिला. कापरानं राहिली नाही. मग शेजारणीनं तंबाखूची मिश्री दाबून धरायला लावली, तेव्हा मात्र मी खरोखर कळवळले, आणि त्या कळवळण्यानंच काम झालं. (घरात सगळ्यांसाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा, माझ्यासाठी पातळ कण्या! खऱ्या दुखण्यालाही एवढा त्याग लागत नसेल.) तिसऱ्या दिवशी सासरेच वैतागले. “घिऊन जा रे बाबा तिले त्या बुलढाण्याच्या डॉक्टरकडं. रडून रडून कापूस ओला करून राह्यली!”

काझी डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं, टकटक केलं. “चांदी तं मस्त हाये, बाई.”

“हो ना,” मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. “काढायची गरज नाही. पन नजर ठेवा लागते. पुढच्या वर्षी आणा.”

आणि बुलढाण्यापर्यंत आलंच आहे तर धाड कितीसं लांब! हे मला चार दिवसांसाठी सोडून कापसाकडे पळाले. त्या चार दिवसांत मी डाव्या दाढेनं ऊस सोलून खाल्ला. बाबा बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून अजून ऊस आणला.

दर दिवाळीला दाढ दुखू लागली. मुराळी येवो न येवो, दाढ वेळेवर यायची. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात माझा संसार माझ्या नवऱ्याच्या प्रेमानं बुडवायला घेतला.

एका वर्षी ओसरीत बैठक बसली. विषय माझी दाढ. सासऱ्यांनी तंबाखू मळत सुरुवात केली. “दाढ म्हंजे वावरच हाये. उगवण बरी असंन तं ठेवा. कुठी कुठी जागा सुटली असंन, तं नांग्या भरा. अन् पुरंच गेलं असंन, तं मोडा अन् दुबार पेरा.” (बी न उगवलेल्या रिकाम्या जागी पुन्हा टोबायचं, ह्याला नांग्या भरणं म्हणतात. माझ्या तोंडात तेही व्हायचं होतं.)

“दुबारच पेरू!” हे म्हणाले. “बिचारीचे दरसाल हाल पाह्यवत नाहीत. शेगावले नवीन डॉक्टर आला. जुनी चांदी काढते अन् पांढरं सिमेंट भरते. पुन्हा म्हणून दुखणार नाही.”

शेगाव! हाकेच्या अंतरावरचं शेगाव! सकाळी जाऊन जेवायला घरी! आणि वर पुन्हा कधीच दुखणार नाही! ती चांदी निघाली की धाडची वाटच मिटली.

“राहू द्या ना,” मी म्हटलं. “मले सवय झाली.”

“कायची? दुखायची?”

“हाव.”

“पाह्यलं का, किती सोशिक हाये,” हे सासऱ्यांना म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं!

शेगावला आत्याबाईही निघाल्या. “एवढ्या वर्षांचं दुखणं, मले बी पाहू द्या कसं दिसते ते.” जीपमध्ये मी दोघांच्या मधे बसले होते.

डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं नम्रपणे विचारलं, “कुठली दाढ दुखते?”

मी घाबरले होते हो! तोंड उघडलं, बोट उचललं आणि उजवीकडे दाखवलं.

“सूनबाई,” आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, “कालपरेंत डावी व्हती.”

“ती... कळ फिरते ना!” मी म्हटलं.

डॉक्टरांनी फोटो काढला, टोचून पाहिलं, थंड पाणी मारून पाहिलं. मला काही म्हणता काही झालं नाही, आणि ओरडायचंही सुचलं नाही. “चांदी चांगली आहे,” ते म्हणाले. “अशी असली की आम्ही हात लावत नाही. पण तुम्हाला एवढा त्रास होतोय, तर काढून नवीन भरू.”

“काढा!” हे म्हणाले.

यंत्र सुरू झालं. त्या आवाजासरशी मी दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकलं आणि खुर्चीतच पाय वर घेऊन बसले. हे माझा एक हात ओढतायत, नर्स दुसरा ओढतेय, डॉक्टर ‘ताई, ताई’ करतायत, आणि मी तळहाताआडून ओरडतेय, “माह्या बाबानं भरून देल्ली! माह्या बाबानं भरून देल्ली!”

“थांबा!” आत्याबाई उठल्या. “बापानं देल्लेली चीज हाये. माहेरची चीज सासरच्यानं काढू नये. चाल व सूनबाई, उतर खाली.”

सासूपुढे डॉक्टरांचं काय चालणार! यंत्र बंद झालं. हे जीप बघायला गेले आणि आत्याबाईंनी मला समोरच्या हॉटेलात नेऊन कचोरी मागवली. गरम, कुरकुरीत, वर तळलेली मिरची. सुटकेच्या आनंदात मी दोन कचोऱ्या कधी संपवल्या ते कळलंच नाही. वर पाहिलं, तर आत्याबाई माझ्या गालाकडे बघत होत्या.

“डाव्या अंगानं चावून राह्यली तू.”

मी घास पटकन उजव्या गालात सरकवला.

“खाय, खाय,” त्या म्हणाल्या. “माहं माहेर बीबी गावचं. तरणी होती तवा माहा एक गुडघा लय दुखे. अन् त्याचं औषध साऱ्या जगात बीबीच्याच वैद्याजवळ होतं. वैद्याच्या घरामागंच आमचं घर.” त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. “पन एक ध्यानात ठेवजो. मी कधी गुडघा बदलला नाही.”

त्या वर्षापासून दाढेची जबाबदारी आत्याबाईंनीच उचलली. पहिलं बोंड फुटलं की ओसरीतून हाक यायची, “सूनबाई, दुखायले लागली असंन ना व?” मी गाल धरायच्या आत ह्यांच्या हातात पिशवी असायची.

मग गुलाबी बोंडअळीची वर्षं आली. एकदम फुटणारा तो बीटी अळीनं आतल्या आत पोखरू लागला, बोंडं झाडावरच किडली. धाडचं वावर दादानं बटाईनं दिलं आणि तो बायकापोरं घेऊन शहरात कंपनीत लागला. त्याआधी बाबा गेले होते, त्यांच्यामागोमाग आई. घराला कुलूप लागलं. मी दुखण्याचं नाव घेणं सोडलं. दिवाळी यायची आणि दाढ गप्प असायची. आत्याबाईही हाक मारत नसत.

आणि गेल्या वर्षी, भर उन्हाळ्यात, ती दाढ खरंच दुखली! भिंतीला डोकं टेकवावं अशी कळ! मी गाल धरून ओसरीत आले. सासरे म्हणाले, “आता तं वावरात काहीच नाही!” हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “दिवाळी लांब हाये अजून.” फक्त आत्याबाई जवळ आल्या, गालावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, “आता तठी कोण हाये व माय? काऊन दुखवतं?”

खरं दुखणं कोणाला पटवायचं, तर त्यासाठी आयुष्यात थोडं कमी दुखायला हवं होतं!

मी एकटीच बुलढाण्याला गेले. काझी डॉक्टरांच्या जागी आता त्यांची लेक बसते. तिनं पाहिलं. “चांदीची कड तुटली, आत पाणी जातंय. काही दिवस तशीच ठेवून बघू, नाहीतर तेवढी कड दुरुस्त करू, नाहीतर सगळी काढून नवीन भरू. तुमचं काय म्हणणं?”

“नवीन भरली तर?”

“मग बरीच वर्षं माझं तोंड बघायला नको.”

“अन् दुरुस्त केली तर?”

“मग सहा महिन्यांनी दाखवायला यावं लागेल.”

“दुरुस्त करा,” मी म्हटलं. नांग्या भरा म्हणणारे सासरे बरोबर होते.

तिनं भुलीचं इंजेक्शन दिलं, यंत्र सुरू केलं. मी ‘आ’ केला आणि सवयीनं बाजूला पाहिलं. तिथं हात धुवायचं भांडं होतं. माझ्या चपला बाहेर होत्या.

स्टँडवर आले तर धाडची एसटी लागलेली. पाय आपोआप चढले. कुलपासमोर जाऊन उभी राहिले तशी शेजारची आयेशाखाला बाहेर आली. “आली का बेटी? दाढ दुखली?” तिलाही माहीत होतं म्हणजे! तिनं ओट्यावर बसवलं, चहा दिला. बधिर तोंडानं घेतलेला पहिलाच घोट गालातून थेट पदरावर आला, आणि त्याच्यामागून माझं रडूही.

“रो मत, रो मत. लई दुखते का?”

दाढ भुलीनं पार बधिर होती, काडीची दुखत नव्हती. “हाव खाला,” मी म्हटलं, “लई.”

तेवढ्यात ह्यांचा फोन आला.

“कुठी हायेस?”

“धाडले. खालाच्या ओट्यावर.”

मग हे म्हणाले, “राह्य दोन दिवस खालाजवळ. आईले मी सांगतो, दाढ दुखून राह्यली म्हणून. डावीच ना?”

मी आधी गाल चाचपून पाहिला, आणि मगच हो म्हटलं.