बुधवारचे प्रश्न

बुधवारी शिकवणी संपली की एडो पडद्याआड उभा राही. ग्लेनिसबाईंची पांढरी गाडी कोपऱ्यावर कुठे वळते, ते त्याला पाहायचं असे. डावीकडे बाईंचं घर. उजवीकडे पोलीस चौकी.

बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. गव्हाच्या शेतांमधल्या त्या छोट्या गावात बदकांच्या कारखान्यात कामाला ब्रह्मदेशातली कारेन निर्वासित माणसं येऊन राहिली, तेव्हा त्यांनी आपणहून घरोघरी जाऊन इंग्रजी शिकवायला घेतलं. फुकट. एडोला पहिली शंका तिथेच आली. फुकट कोण राबतं?

तो कारखान्यात बदकांची हाडं काढायचा. चाकू बोथट झालेला त्याला खपत नसे, आणि हाडाला मांस राहिलेलं तर नाहीच. शिकणंही तसंच. एकेक शब्द जबडा दुखेपर्यंत घोटायचा. मेहनतीत कसर नव्हती. खोटी होती ती उत्तरं.

“तुझं गाव कुठलं?”

“गाव नाही. छावणी.”

“भाऊ किती?”

“भाऊ नाही.”

ब्रह्मदेशात, डोंगरातल्या त्याच्या गावी, एकदा औषधं वाटायला एक हसरा माणूस आला होता. ओट्यावर बसून चहा प्यायला. नाव काय, घर कोणतं, भाऊ किती, कुठे असतात. पुढच्या आठवड्यात सैनिक आले ते नेमक्या घरांत शिरले. एडोचा धाकटा भाऊ तेवढा रानात निसटला. तो अजून तिकडेच होता. त्याचं नाव चुकीच्या कानी गेलं तर संपलं.

आणि ही बाईही चहा पीत तेच प्रश्न विचारत होती.

त्यात रॉसची भर. रॉस ट्रकमधून बदकं आणायचा. एकदा पिंजरे उतरवताना हसून म्हणाला, “ग्लेनिस शिकवते होय तुला? माझी सख्खी बहीण. जपून राहा हो गड्या, पोटातलं ओठावर आणल्याशिवाय सोडत नाही ती!”

सगळे हसले. एडो हसला नाही.

पुढच्या बुधवारी घात केला तो बायकोनेच. भावांचा प्रश्न आला तशी पोवा तुटक इंग्रजीत भरभर बोलून गेली, “थरामू, याला भाऊ आहे. एक. तिकडे.”

‘थरामू’ म्हणजे गुरुबाई. थरामूने मान वर केली. “हो का? मग नाही कशाला म्हणतोस, एडो? नाव काय त्याचं?”

एडो उठला. “आज बस,” म्हणाला आणि दार उघडून उभा राहिला.

गाडी डावीकडे वळली. तरी त्याचं समाधान झालं नाही.

“डोकं फिरलंय तुझं,” पोवा म्हणाली. “म्हातारी बिचारी बिस्किटं घेऊन येते.”

“तोही औषधं घेऊन आला होता.”

“ती काय तुझ्या भावाला धरायला डोंगर चढणार आहे? गुडघे बघितलेस तिचे?”

“ते नाव या टेबलावर नको. बाकी काय बोलायचं ते बोल.”

नंतरच्या बुधवारी बाई आल्या. बिस्किटं ठेवली, काही झालंच नाही अशा बसल्या. एडोने चहा पुढे केला, पण बसला नाही.

“आज मी विचारणार. तुम्ही उत्तर द्या.”

“वा! विचार की.”

“तुमचं गाव कुठलं?”

“हेच. इथेच जन्मले.”

“भाऊ किती?”

बाईंचा हात कपाच्या कानावर थांबला. “भाऊ नाही.”

सापडली, असं एडोच्या मनात आलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं. “रॉस कोण मग? ट्रकवाला?”

पोवाने कपाळावर हात मारला. बाईंनी कप बाजूला सारला.

“वडिलांची शेती विकली त्याने,” त्या म्हणाल्या. “आई त्या घरात राहत असताना. ते नाव या टेबलावर नको, एडो.”

पोवाने नवऱ्याकडे पाहिलं. एडोने नजर चुकवली. बाई हेर असत्या तर त्यांनी कुणाच्याही भावाचं नाव खुशाल घेतलं असतं. स्वतःच्याच भावाच्या नावाशी अशा अडल्या नसत्या. एवढं त्याला कळलं. बाकीचं कळलं असं नाही.

तो खुर्ची ओढून बसला.

“मला भाऊ आहे,” तो सावकाश म्हणाला. “धाकटा. तिकडे आहे. जिवंत आहे.”

मग जबडा घट्ट करून थांबला. आता ती विचारणार. नाव काय, राहतो कुठे.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि बिस्किटांची ताटली त्याच्यापुढे सरकवली. “चांगलं बोललास,” म्हणाल्या. “आता आज बाजारात काय घेतलंस ते सांग.”

“कांदे,” एडो म्हणाला. “लाल मिरची.” खरं होतं ते.

त्या गेल्यावर तो सवयीने पडद्याआड उभा राहिला.

“अजून बघतोसच?” कप विसळत पोवाने विचारलं.

“बघतो.”

गाडी डावीकडे वळली. तो धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभा होता.