सर्व्हर-खोलीतल्या अक्का

सर्व्हरच्या खोलीत शिरल्या की अक्का दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या आणि कपाटासमोर नुसत्या उभ्या राहायच्या. दिवे कसे लुकलुकतात ते पाहायच्या, पंख्यांचा आवाज ऐकायच्या. मी घाईने पुढे झालो की न वळता म्हणायच्या, "हात मागें." बाहेर फोन वाजत असो की डॉक्टर ओरडत असोत, त्यांची ती दोन मिनिटं कधी कमी झाली नाहीत.

मी मूळचा सांगलीचा. कुंभकोणमच्या एका इस्पितळात संगणक विभागाचा प्रमुख म्हणून आलो, तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच दुपारी जाड चष्म्याच्या एक बाई समोर आल्या आणि म्हणाल्या, "जेवण झालें कीं व्हावयाचें आहे?" मी दचकलोच. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठ्यांबरोबर इकडे आलेले, घर जवळच्याच इन्नंबूर गावात. त्यांची मराठी एखाद्या जुन्या पत्रातून निघाल्यासारखी. माझी मराठी मात्र त्यांना घाईची वाटायची. "तुम्ही अर्धा शब्द गिळतां," असं त्या मला कितीदा तरी म्हणाल्या असतील. सगळं इस्पितळ त्यांना अक्का म्हणायचं. मीही म्हणू लागलो. हुद्द्याने त्या माझ्या हाताखाली होत्या, हे कागदावरच.

इस्पितळातले सगळे स्कॅन, सगळे एक्स-रे तीन सर्व्हरांवर साठायचे आणि ती साठवण अक्का सांभाळायच्या. शिक्षण बारावीपर्यंत. विसाव्या वर्षी त्या इथल्याच रेकॉर्ड रूममध्ये केसपेपर उचलायच्या कामाला लागल्या होत्या. हे सगळं शिकलात कुठे, असं एकदा विचारलं, तर मला त्या जुन्या खोलीत घेऊन गेल्या. रिकामी फडताळं आणि दाराशी एक टेबल.

"आज लागणारे कागद टेबलावर," त्या म्हणाल्या. "नवे आलेले तेही आधीं टेबलावर. उसंत मिळाली कीं लावून फडताळांत. टेबल लहान, पण हात चटकन पोचे. फडताळ मोठें, चालत जावें लागे."

आमच्या प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन वेगवान डिस्क होत्या आणि त्यांच्यामागे सहा मोठ्या, संथ डिस्क. आलेली प्रतिमा आधी वेगवान डिस्कवर लिहिली जाई, मग सवडीने मोठ्या डिस्कवर हलवली जाई. डॉक्टर जी वारंवार मागत ती वेगवान डिस्कवरच राही. शिवाय प्रत्येक प्रतिमेची एकेक प्रत तिन्ही सर्व्हरांवर. मला हे कळायला कॉलेजात एक सत्र लागलं होतं.

निघताना टेबलाच्या गुळगुळीत झालेल्या कडेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "झिजतें तें टेबल."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. काही दिवसांनी सहाही वेगवान डिस्क बदलायची वेळ आली. मी एकाच कंपनीच्या सहा आणल्या आणि एका दुपारी बसवून टाकल्या. अक्कांचं म्हणणं होतं की तीन आता बसवू, तीन सहा महिन्यांनी. सगळ्यांवर सारखंच लिहिलं जाणार, मग त्या झिजतीलही एकाच सुमारास. मी म्हणालो, झीज पडद्यावर दिसते की, तेव्हा बघू. त्या "सरी" म्हणाल्या, म्हणजे तमिळमध्ये "बरं". पुढे झीज पडद्यावर दिसलीही. अक्कांनी दोनदा येऊन दाखवली. मी तपासणीचं पथक येणार म्हणून ते काम पुढे ढकललं. अक्कांनी न रागावता दुसऱ्या कंपनीच्या चार डिस्क मागवून ठेवायला लावल्या. मी सही करताना हसलो होतो, हे तुम्हांला सांगायला हवं.

मग ती सकाळ आली. दहाच्या सुमारास पहिल्या सर्व्हरमधली एक वेगवान डिस्क गेली. तिच्यामागच्या मोठ्या डिस्क आपोआप तिच्या जोडीच्या दुसऱ्या वेगवान डिस्ककडे गेल्या. पण तीही तितकीच झिजलेली. दुप्पट भार पडल्यावर ती वीस मिनिटांत गेली आणि पहिल्या सर्व्हरची साठवण बंद पडली. अकराला दुसऱ्या सर्व्हरमधली एक गेली. तिसरा ठीक होता, पण त्याच्या डिस्कही त्याच दुपारी बसवलेल्या.

त्याच वेळी ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. सुंदरपेरुमाळ कोयिल या गावच्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यातली गाठ काढायला घेतली होती. सकाळचा स्कॅन पडद्यावर येत होता, पण फार हळू. रखडणारा दुसरा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा म्हणून मी बटणाकडे हात नेला.

अक्कांनी माझं मनगट धरलं. खोलीत आणखी चार माणसं होती, त्यांच्याशी त्या तमिळ बोलत होत्या. मला मात्र त्यांनी मराठीत सांगितलं, अगदी हलक्या आवाजात. प्रमुखाला कुणी अडवतंय हे त्या चौघांना कळू नये म्हणून.

"तो अजून लिहितो आहे. झिजलेली डिस्क, एकदां वीज तोडली तर उठेल न उठेल. तुम्ही बसा. आज मी सांगेन तें करा."

मी बसलो.

पुढचे सहा तास त्या बाईंना काम करताना पाहणं हे माझं भाग्य. आधी त्यांनी इस्पितळातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण थांबवलं, कारण ते अखंड लिहिलं जात होतं. मग स्वतः खाली जाऊन स्कॅनच्या तंत्रज्ञांना विनंती केली की आजच्या नव्या प्रतिमा यंत्रातच राहू द्या, एक दिवस मावतील. लिहिणं जितकं कमी, तितका उरलेल्या डिस्कना श्वास. मगच त्यांनी पहिल्या सर्व्हरमध्ये दोन नव्या डिस्क बसवल्या. मोठ्या डिस्क एकेक करून त्या नव्यांशी जोडल्या गेल्या आणि राहून गेलेलं लिखाण दुसऱ्या दोन सर्व्हरांकडून इकडे उतरू लागलं. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली.

पट्टी निम्म्यावर आली तेव्हा थिएटरमधून पुन्हा फोन. रक्तवाहिनी नेमकी कुठून जाते ते पाहायला सर्जनना त्या मुलीचा आठ महिन्यांपूर्वीचा स्कॅन हवा होता. इतका जुना म्हणजे मोठ्या डिस्कवरच. आणि त्या डिस्क तर प्रती पुरवण्यात गुंतलेल्या. मी म्हणालो, प्रती पुऱ्या होईपर्यंत त्यांना थांबायला सांगू. अक्का माझ्याकडे वळल्या.

"डोकें उघडें आहे तिचें," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी चालू असलेली दुरुस्ती थांबवली. त्या क्षणी दुसऱ्या सर्व्हरची उरलेली डिस्क गेली असती, तर इस्पितळातल्या सगळ्या रुग्णांच्या ताज्या प्रतिमा एकट्या तिसऱ्या सर्व्हरच्या झिजल्या डिस्कवर उरल्या असत्या. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला, पुन्हा लावला. थिएटरमधल्या परिचारिकेने फोनवर सांगितलं की स्कॅन दिसला. अक्कांनी विचारलं, सगळा दिसला ना, शेवटच्या चित्रापर्यंत? ती हो म्हणाली, तेव्हा दुरुस्ती पुन्हा सुरू झाली.

साडेचारपर्यंत पहिला सर्व्हर पुरता उभा राहिला. मग त्यांनी दुसऱ्यात नवी डिस्क घातली, मग तिसऱ्यात. एकही प्रतिमा गेली नाही. मुलगी शुद्धीवर आली आणि तिने आईकडे इडली मागितली, हे अक्कांनी मला जिन्यात सांगितलं. तेवढं सांगून त्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

घडल्या गोष्टीचा अहवाल अक्कांनी लिहिला. त्यात त्यांनी सहाही डिस्क एकाच दिवशी बसवल्याचं लिहिलं होतं, झीज दिसूनही काम पुढे ढकलल्याचंही लिहिलं होतं. फक्त प्रत्येक वाक्यात "आम्ही" होतं. मी तो परत नेला आणि म्हणालो, इथे माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, "घालावयाचें तर तुम्ही घाला. मी नाहीं घालणार." मी घातलं. त्या दिवसापासून मी सर्व्हरच्या खोलीत त्यांच्या मागे उभा राहू लागलो.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. पुढच्याच पावसाळ्यात पोटाचं दुखणं घेऊन रुग्ण म्हणून आल्या. स्कॅन झाला. त्या आठवड्यात डॉक्टरांनी तो इतक्यांदा उघडला की क्षणात समोर यायचा. इलाज फारसा नव्हता. थई या तमिळ महिन्यात, पोंगल उलटल्यावर, इन्नंबूरच्या घरी त्या वारल्या.

यंदा आम्ही नवे सर्व्हर घेतले. जुन्या प्रतिमा नीट आल्यात का हे पाहायला यंत्र आपल्या मनाने काही नावं निवडतं आणि ती उघडून पाहायची असतात. बाविसावं नाव अक्कांचं होतं. माझ्या शेजारी एक नवी इंजिनिअर मुलगी बसली होती. पडदा काळाच राहिला तेव्हा ती म्हणाली, "सर, अडकलंय."

मी म्हटलं, अडकलं नाही. बऱ्याच दिवसांत कुणी मागितलं नव्हतं, आतल्या फडताळातून येतंय.

आम्ही थांबलो. मग त्या एकेक ओळ करून वरून खाली उमटत गेल्या, शेवटच्या चित्रापर्यंत.