कॅप्टन माने आणि त्यांची इंदू

गिरीशचा फोन आला तेव्हा मी दोहाच्या अल हिलाल भागातल्या आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधत होते. ‘‘भाभी, आई गेली...’’ एवढंच तो म्हणाला. मी ‘‘बरं’’ म्हटलं. समोर जागा रिकामी झाली तरी मी तिथं थांबले नाही. पुढं गेले, वळून परत गल्लीत आले, परत पुढं गेले. इंजिन बंद केलं की इंदूमावशी गेल्या हे खरं होईल, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं. आता काही आठवडे उलटलेत, तरी बसले की उठावंसं वाटतं आणि उठले की कशाला उठले ते आठवत नाही. ही सवय माझी नव्हे. ही मावशींची.

इंदूमावशी आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, मुलगा गिरीश, सून आणि नात सई यांच्याबरोबर. नवरा गेल्यावर गिरीशनं त्यांना साताऱ्याहून दोहाला आणलं. मी रत्नागिरीकडची, इथल्या एका शाळेत शिकवते. माझा नवरा इक्बाल आणि गिरीश एकाच गॅस प्लांटवर शिफ्ट सुपरवायझर होते आणि एकमेकांचे जिवलग. पहिल्याच दिवशी मावशी आमच्या दारात येऊन म्हणाल्या, ‘‘मराठी बोलणारं कुणीतरी आहे म्हणाला गिरीश. माझी नात मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. माझं तोंड आंबलंय.’’ मी चहा केला. तो त्यांनी उभ्यानं प्याला. खिडकीशी गेल्या, दाराशी आल्या, शोकेसमधल्या कपबशा न्याहाळल्या. मी तीनदा बसा म्हटलं तेव्हा खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि लगेच उठल्या. पुढं मला त्याची सवय झाली. ऐंशी ओलांडलेली, काटकुळी, नऊवारी सोडून सहावारीत आलेली ही बाई दिवसभर इमारतीचे जिने चढत-उतरत असायची. उन्हाळ्यात बाहेर पडू नका म्हणून गिरीश ओरडायचा. त्या वॉचमनला चुकवून बाहेर पडायच्या.

सकाळी आम्ही दोघी फिरायला जायचो. वाटेत एक मोकळा प्लॉट होता, शुक्रवारी तिथं क्रिकेट चालायचं. नेपाळी, बंगाली, पाकिस्तानी, आपले केरळवाले, सगळे पहाटेपासून. तो प्लॉट जवळ आला की मावशी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायच्या. घरात टीव्हीवर क्रिकेट लागलं की स्वयंपाकघरात जायच्या. मला वाटलं, बाईंना खेळाचा कंटाळा असेल. पण एकदा रस्ता ओलांडता ओलांडता त्या मान न वळवता म्हणाल्या, ‘‘तो निळ्या शर्टवाला पाय उशिरा पुढं काढतोय. आता जाईल बघ.’’ आणि मागं खरोखरच आरडाओरडा झाला. ‘‘तुम्हाला कसं कळलं?’’ मी विचारलं. ‘‘माझे वडील खेळायचे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कॅप्टन माने. इंग्रजांच्या फौजेत होते.’’ आणि झपाझप पुढं चालायला लागल्या.

मग अशाच चालता चालता, तुकड्यातुकड्यांनी, कॅप्टन माने मला कळत गेले. हवालदाराचा मुलगा, शिकून अधिकारी झालेला. त्या काळी हिंदी माणसाला असा हुद्दा सहज मिळत नसे. मेसमध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची बऱ्याचदा रिकामी राहायची, पण सामना असला की कर्नलसाहेब बॅटिंगला पहिलं त्यांनाच पाठवायचा. ‘‘क्लबात पुढच्या दारानं प्रवेश नव्हता त्यांना. मैदानावर मात्र सगळे टाळ्या वाजवायचे,’’ मावशी म्हणायच्या. आवाजात अभिमान असायचा, पण त्यामागं काहीतरी खुपल्यासारखंही. ‘‘मग पुढं?’’ मी विचारायची. ‘‘पुढं काय... सोडलं खेळणं.’’ का सोडलं, ते मात्र त्या सांगत नसत. फक्त एवढंच, की दुसऱ्या महायुद्धावरून आल्यावर बाबांचं बूड कुठं टेकायचं नाही. पानावरून उठायचे, अंगणात जायचे, परत यायचे. आईनं वाढलेली भाकरी गार व्हायची.

एकदा आम्ही दोन्ही घरं समैस्माच्या किनाऱ्यावर गेलो होतो. सई वाळूत पोरींबरोबर बॅट घेऊन खेळत होती, गिरीश तिला बॉल टाकत होता. शाळेच्या टीममध्ये तिची निवड झाली होती. मावशींना ते आवडलेलं नव्हतं, पण नातीला मोडता घालायचा नाही म्हणून गप्प होत्या. त्या सरळ पाण्याकडं गेल्या आणि इक्बालला म्हणाल्या, ‘‘बसरा कुठल्या बाजूला रे?’’ इक्बालनं हात केला. ‘‘तिकडं, वर. याच आखाताच्या टोकाला.’’ मावशी पाण्यात उतरल्या. साडी घोट्यापर्यंत भिजली, मग पोटऱ्यांपर्यंत. ‘‘माझे बाबा याच पाण्यातून बसऱ्याला गेले होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उशिरा गेले.’’ गिरीश मागून हाका मारत होता, ‘‘आई, बाहेर ये, काय चाललंय तुझं!’’ इक्बाल मात्र पँट दुमडून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तो असाच होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सईची मोठी मॅच ठरली आणि नेमकी गिरीशची त्या दिवशी शिफ्ट आली. इक्बाल म्हणाला, ‘‘जा यार, पोरीला शब्द दिलायस ना? मी करतो तुझी शिफ्ट. खलास.’’ त्या दुपारी प्लांटवर वाफेची एक लाइन फुटली. इक्बाल जवळच होता... याहून जास्त मला आजही लिहिता येत नाही. त्याला इथंच माती दिली. माझी मुलं शिकायला भारतात होती, ती आली आणि गेली. लोक म्हणाले, तूही परत जा. पण इक्बाल इथं, तर मी कुठं जाऊ?

माझी इद्दत, नवरा गेल्यावर घरात पाळायचे चार महिने दहा दिवस, सुरू होती तोवर पुरुषमंडळी घरी येणार नव्हतीच. इंदूमावशी मात्र रोज यायच्या, डबा ठेवायच्या, फेऱ्या मारायच्या, जायच्या. इद्दत संपली. ऑफिसातले सगळे भेटून गेले, गिरीश आला नाही. लिफ्टमध्ये मी दिसले की तो जिन्यानं जायचा. पार्किंगमध्ये माझी गाडी शिरताना दिसली की त्याची बाहेर पडायची. माझा संताप व्हायचा. तो त्या दिवशी मॅचला गेला याचा राग होता की नाही, मला सांगता येणार नाही. कधी होता, कधी नव्हता. पण हा माणूस, जो इक्बालच्या ताटातलं उचलून खायचा, तो मला बघून पळतो याचा मात्र रोज होता.

एका शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात मावशी, आणि त्यांनी मनगट घट्ट धरून आणलेला गिरीश. पन्नाशीचा माणूस, पण शाळेतून शिक्षा होऊन आलेल्या पोरासारखा दिसत होता. मावशींनी त्याला माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं, दुसरी खुर्ची स्वतः ओढली आणि बसल्या. कडेला टेकल्या नाहीत, पाठ टेकून बसल्या. मग बोलायला लागल्या, आणि मी आणि गिरीश दोघांनीही ते पहिल्यांदा ऐकलं.

कॅप्टन मान्यांची कंपनी युद्धावर निघणार होती. पण त्याच दिवशी दुसऱ्या पलटणीबरोबर मोठा सामना होता आणि कर्नलला तो हरायचा नव्हता. तो म्हणाला, माने, तू पुढच्या जहाजानं जा, तुझ्या जागी मोहित्याला पाठवतो. लेफ्टनंट मोहिते बाबांचा दोस्त, दोघांची घरं साताऱ्यात एकाच आळीत. बाबांनी त्या दिवशी शतक ठोकलं. गोऱ्यांनी खांद्यावर घेऊन क्लबाच्या पुढच्या दारानं आत नेलं, पहिल्यांदाच. काही आठवड्यांनी ते बसऱ्याला उतरले तेव्हा कळलं, की मोहित्यांची गाडी वाळवंटात सुरुंगावर गेली. बाबा युद्ध संपेपर्यंत लढले, परत आले, पण बॅटला हात लावला नाही. मोहित्यांची बायको दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन यायची. ती पुढच्या दारात दिसली की बाबा मागच्या दारानं निघून जायचे.

‘‘मी दहा-अकरा वर्षांची असेन,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘त्या वर्षी मोहितेकाकू पुढच्या दारानं आल्याच नाहीत. मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बाबा बाहेर पडायला गेले तर समोर काकू. म्हणाल्या, ‘भावोजी, आत चला. मला त्या दिवशीचा सामना सांगा.’ बाबा नाही नाही म्हणत होते. काकू हलल्या नाहीत. शेवटी बाबा बसले. मी दाराआड होते. सकाळी खेळपट्टी ओली होती इथपासून सांगायला लागले. सांगता सांगता म्हणाले, ‘आमचे ट्रक मैदानाच्या कडेनं गेले. मोहित्या मागं बसला होता. त्यानं टोपी काढून हलवली. मी बॅट उंच केली.’ काकू पुढं सरकल्या. ‘टोपी हलवत होते? हसत होते का?’ बाबा म्हणाले, ‘हो. मोठ्यानं ओरडला काहीतरी, मला ऐकू आलं नाही.’ काकू म्हणाल्या, ‘त्यांना शेवटचं कुणी बघितलं ते मला आजवर कुणी सांगितलंच नाही हो. तुमच्याकडं होतं ते, आणि तुम्ही पळत राहिलात.’ ’’

मी विचारलं, ‘‘मग बरे झाले का कॅप्टनसाहेब?’’

‘‘छे गं. फेऱ्या मरेपर्यंत मारल्या. पण मागच्या दारानं जायचे थांबले.’’ मग गिरीशकडं वळून म्हणाल्या, ‘‘तुझ्याकडं काय आहे ते दे तिला. मला माहीत नाही काय आहे. पण काहीतरी आहे, म्हणून तू पळतोस.’’

मोहितेकाकूंसारखा प्रश्न मला विचारता आला नाही. मी एवढ्या मोठ्या मनाची नाही. शेवटी तोच बोलला. ‘‘भाभी, त्यानं फोन केला होता. मॅच चालू असताना, कंट्रोल रूममधून. सई आउट झाली का विचारत होता. म्हटलं, नाही, खेळतेय अजून. तर हसला. म्हणाला, ‘मग फोन कशाला घेतलास येड्या, मॅच बघ.’ आणि ठेवला.’’

मला तो आवाज ऐकू आला. येड्या म्हणताना त्याचा स्वर कसा लांबायचा तोही. मी पदर तोंडाशी धरला. थोड्या वेळानं मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी विचारलं, ‘‘जिंकली का मग ती?’’ गिरीश म्हणाला, ‘‘नाही... हरली.’’ ‘‘हरलीसुद्धा?’’ मी ओरडले, आणि ओरडता ओरडता हसायलाच लागले, मग रडायला. गिरीशही रडत होता. मावशी उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि माझ्या ओट्यावर माझी भांडी आपटत चहा करायला लागल्या.

त्यानंतर गिरीश येत राहिला. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. कधी कधी त्याला बघून मी उठून आत जायची, आणि का ते त्याला कळायचं. त्या दिवशी शिफ्ट कुणाची होती हे शब्द त्याच्या तोंडून कधी आले नाहीत, ना माझ्यासमोर, ना कुणासमोर. विषय तिथवर आला की तो पाणी मागायचा. मावशींनी त्यावर जोर केला नाही. ‘‘बाबांनीही कधी उच्चारलं नाही ते. निदान हा समोर बसतो,’’ त्या म्हणायच्या. त्या स्वतः मात्र परत कधी तशा पाठ टेकून बसल्या नाहीत. अखेरपर्यंत हॉस्पिटलच्या पलंगावरून पाय खाली सोडत होत्या आणि नर्सना म्हणत होत्या, यल्ला, यल्ला, चला, मला उभं करा.

मावशींना साताऱ्याला न्यायचं ठरलं. कागदपत्रं होईपर्यंत गिरीश घरात येरझाऱ्या घालत होता. मला म्हणाला, ‘‘भाभी, तुम्ही याल बरोबर?’’ मी शाळेत रजा सांगितली आणि बॅग भरली. मुंबईपर्यंत विमानात सई माझ्या शेजारी होती. पुढं गाडीनं घाट चढताना तिनं माझा हात धरला आणि मोडक्या मराठीत विचारलं, ‘‘आजी आता दमली असेल ना?’’ मी तिला जवळ ओढलं.

साताऱ्याला मावशींच्या भावाच्या घरी अंगण माणसांनी भरलं होतं. मी ओढणी सावरून दाराजवळ, बाजूला उभी होते. त्या गर्दीत मला कुणी ओळखत नव्हतं, आणि ते बरंच होतं. बायकांमधली एक म्हातारी माझ्याकडं बघत गिरीशला म्हणाली, ‘‘या कोण रे?’’

तो शेजारीण म्हणू शकला असता. आईची मैत्रीण म्हणू शकला असता, आणि तेही खरंच होतं. पण तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘या शमीमभाभी. इक्बालच्या मिसेस. त्या दिवशी शिफ्ट माझी होती. तो माझ्या जागी गेला.’’

गिरीश तिथून हलला नाही. त्या म्हातारीनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग शेजारच्या बाईला कोपरानं सरकवलं, सतरंजीवर हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘ये बाई. बस इथं.’’

मी जाऊन बसले.